कन्या की कोमा? दीर्घिकांचा प्रकाश मोजायला कुठला समूह घ्यावा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जवळच्या दीर्घिकासमूहाचं प्रकाशमापन करायचं म्हटलं, की दोन नावं हमखास पुढे येतात. कन्या समूह आपल्यापासून सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि अरुंधती केशातला कोमा समूह सुमारे 32 कोटींवर. कन्येतली एखादी दीर्घिका उचलून कोमाच्या अंतरावर ठेवली, तर ती जवळजवळ 36 पट मंद दिसेल. त्यामुळे खुज्या, फिकट दीर्घिकांचा अभ्यास करायचा असेल तर कन्येला तोड नाही.

मात्र मोठ्या दीर्घिकांच्या बाबतीत हीच जवळीक नडते. कन्येतली एम 49 ही दीर्घिका आकाशात सुमारे 10 कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब आणि 8 कला रुंद पसरलेली आहे, आणि स्लोन या आकाशाच्या डिजिटल सर्वेक्षणातल्या छायाचित्राची एक चौकट जेमतेम 13.5 बाय 9.8 कलांची. बहुतेक चौकट दीर्घिकेनंच व्यापली, तर रिकामं आकाश मोजायचं कुठे? सॉफ्टवेअर मग तिच्या फिकट कडेलाच आकाश समजून वजा करून टाकतं. अंधाऱ्या जागीही लाल फिल्टरमध्ये आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) 21 प्रतीच्या आसपास असते (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज मंद), आणि दीर्घिकेची कड 26 प्रतीची, म्हणजे आकाशाच्या शंभराव्या हिश्शाइतकी. आकाश मोजताना एक टक्का चूक झाली, की त्या कडेचा सगळा प्रकाश गायब होतो किंवा दुप्पट होतो.

अंतराचाही घोळ आहेच. कन्या समूह खोलवर पसरलेला आहे. त्यातली एम 86 तर चक्क आपल्या दिशेनं येते आहे, त्यामुळे वर्णपटातून कळणाऱ्या वेगावरून एकेका दीर्घिकेचं अंतर काढता येत नाही. कोमात सगळ्या दीर्घिका एकाच अंतरावर धरल्या तरी चालतं.

आता मोजायचं कसं? पेट्रोसियन पद्धतीत दीर्घिकेचं तेज आतल्या सरासरी तेजाच्या ठरावीक हिश्शावर कुठे उतरतं ते पाहून वर्तुळ ठरवतात आणि त्यातला प्रकाश मोजतात. ती दीर्घिकेचा आकार आधी गृहीत धरत नाही, म्हणून मला ती आवडते. चकतीसारख्या दीर्घिकांचा जवळजवळ सगळा प्रकाश ती पकडते, पण द वोकुलर वळणाच्या, म्हणजे मध्यभागी झगझगीत आणि कडेला खूप हळूहळू फिकट होत जाणाऱ्या, लंबगोल दीर्घिकेचा सुमारे 82 टक्केच. म्हणजे 0.2 प्रतीची तूट. सेर्सिक प्रतिमान, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तेज कसं घटतं याचं गणिती सूत्र, ती तूट भरून काढतं खरं, पण जिथे काहीच मोजलेलं नाही तिथला प्रकाशही अंदाजानं जोडतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या प्रकल्पाला कोमाच घ्या. रंग आणि प्रत यांच्या आलेखासाठी स्लोनच्या यादीतल्या पेट्रोसियन प्रती पुरतात, कारण सगळ्या फिल्टरना लाल फिल्टरवरून ठरवलेलं एकच वर्तुळ लावलेलं असतं. कोमाच्या मध्यातल्या एनजीसी 4874 आणि 4889 या दोन मोठ्या दीर्घिकांच्या प्रती मात्र यादीतून उचलू नका. त्यांची प्रभामंडळं (भोवतालचा फिकट प्रकाश) एकमेकांत मिसळली आहेत. एकीला लंबवर्तुळं बसवून ती वजा करा, मग दुसरीला बसवा, आणि आकडे स्थिर होईपर्यंत हे करत राहा. खुज्या दीर्घिकांचीच ओढ असेल, तर कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीच्या खोल सर्वेक्षणात कन्येचं 104 चौरस अंश आकाश टिपलेलं आहे.