प्रोटीन बार की अंडी, तयार जेवण की फ्रोझन भाज्या: घाईत काय निवडाल?

वजन उतरवायचंय, पण स्वयंपाकाला वेळ नाही, अशा वेळी बहुतेक जण पाकिटावरच्या कॅलरी बघून निवड करतात. कॅलरी बघाव्यातच. पण त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे तो पदार्थ खायला किती वेळ लागतो. करायला पाच मिनिटं आणि खायला पंधरा, असं अन्न उत्तम. करायला शून्य आणि खायला दोन मिनिटं, तिथे जपून.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू जवळपास सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि भराभर खात होते.

आता बार आणि उकडलेली अंडी समोरासमोर ठेवू. दोन अंड्यांत साधारण १४०-१५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. बारमध्ये बऱ्याचदा २०० च्या आसपास कॅलरी, प्रथिनं १० ते २० ग्रॅम. कागदावर बार हरत नाही, पण चार घासांत तो संपतो आणि हात दुसऱ्याकडे जातो. माल्टिटॉलसारखे गोडवे असतील तर पोटात गॅसही धरतो. अंडी सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. ऑफिसात सोलताना वास येतो, एवढं सोसावं लागतं. प्रवासात मात्र बारच बरा.

फळांच्या शेकचं थोडक्यात सांगायचं तर प्यायलेल्याने पोट फार वेळ भरलेलं राहत नाही. तेच फळ चावून खा, सोबत साधं घट्ट दही घ्या. फळांच्या चवीच्या गोड दह्यात साखर किती, ते मागच्या बाजूला वाचा.

ओट्स आणि ग्रॅनोलात (गोडवा आणि तेल लावून भाजलेल्या ओट्समध्ये) लोक फसतात. १०० ग्रॅम कोरडे ओट्स सुमारे ३८० कॅलरी, ग्रॅनोला बहुधा ४५० च्या पुढे. फरक फार वाटत नाही ना? पण ४० ग्रॅम ओट्स पाण्यात शिजले की वाडगा भरतो; ४० ग्रॅम ग्रॅनोला वाडग्याच्या तळाशीच राहतो, मग आपण दुप्पट ओततो.

रात्री दमून घरी आल्यावरची निवड खरी अवघड. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं तयार जेवण, की फ्रोझन भाज्या आणि डबाबंद कडधान्यं? वेळ जवळपास सारखाच. तयार जेवणाचा एक गुण मान्य करायला हवा, त्यात वाढणी ठरलेली असते, आणि ज्यांचा हात सढळ आहे त्यांना तेवढीच मदत. मिठाचं मात्र बघा. पाकिटावर बऱ्याचदा सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ सव्वादोन ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे एका जेवणात जवळपास अर्धा कोटा गेला. आणि ‘एका वाढणीचे’ आकडे छापलेल्या पाकिटात वाढण्या दोन असू शकतात, हेही तपासा.

डबाबंद कडधान्यांतही मीठ असतं, पण पाणी काढून धुतली की बरंच निघून जातं. फ्रोझन भाज्या गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढतात, त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं. पण आठवडाभर फ्रिजमध्ये पडून कोमेजलेल्या ताज्या भाजीत तरी ते कुठे टिकतं? फक्त सॉस किंवा चीज घातलेलं पाकीट घेऊ नका. रोजसाठी मी हीच जोडी घेईन, आणि तयार जेवणाची एक-दोन पाकिटं अडीनडीला ठेवीन.

राहिला सुका मेवा. ३० ग्रॅम बदामांत सुमारे १७५ कॅलरी, आणि ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर. सुट्टीच्या दिवशी वजन करून छोट्या डब्यांत भरा आणि रोज त्यातला एकच डबा बॅगेत टाका.