तीन प्रोसेसर, एक फंक्शन: गूगल बेंचमार्क आठ महिने वापरल्यावर

गेले आठ महिने मी गूगल बेंचमार्क ही कोडचा वेग मोजणारी सी++ लायब्ररी जवळजवळ रोज वापरतेय, तीही एकाच छोट्या फंक्शनसाठी. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांमध्ये साठवण्याची पद्धत) मजकुरात कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली अक्षरं आणि चिन्हं, किती आहेत, एवढंच ते मोजतं. मराठी शब्दकोशाच्या शोधासाठी मी जो कोड सांभाळते, त्यात हे फंक्शन सगळीकडून बोलावलं जातं: शोधताना, ओळ तोडताना, कर्सर हलवताना. ते वेगवान असावं ही माझी मनापासूनची इच्छा होती, कारण जुन्या फोनवर शब्दकोश उघडणाऱ्यालाही टाइप करताना अडखळायला लागू नये.

देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतो. ‘क्षितिज’ हा शब्द सात कोडपॉइंटांचा, म्हणजे २१ बाइटांचा. ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ० असतात तो आधीच्या अक्षराचं शेपूट. तो सोडून बाकीचे बाइट मोजले की उत्तर मिळतं. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या कोडमध्ये इथे बहुधा एक जवळची वाट असते: आठ बाइट एकदम उचलायचे, एकाचाही सर्वांत वरचा बिट १ नसेल तर थेट आठ मिळवून पुढे जायचं. मराठीत ही वाट जवळजवळ कधीच सापडत नाही आणि ती आहे का हे बघण्याचा खर्च मात्र दर वेळी होतो. म्हणून चाचणीला मजकूर आपलाच घ्या, असं मी सगळ्यांत आधी सांगेन.

माझ्याकडे तीन यंत्रं आहेत: एव्हीएक्स-२ (अनेक बाइटांवर एकदम काम करणाऱ्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) असलेला इंटेलचा लॅपटॉप, कॉर्टेक्स-ए७६ कोअरचा रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि यू७४ कोअरचा व्हिजनफाइव्ह २ हा रिस्क-व्ही (प्रोसेसरची एक खुली रचना) बोर्ड. यू७४मध्ये व्हेक्टर इन्स्ट्रक्शन नाहीत. पायवरच्या टायमरचा एक ठोका सुमारे १८.५ नॅनोसेकंदांचा, तर रिस्क-व्ही बोर्डावर तो तब्बल २५० नॅनोसेकंदांचा. वीस बाइटांचं काम अशा घड्याळाने एकेकदा मोजता येणारच नाही. गूगल बेंचमार्क फेऱ्या किती घ्यायच्या ते स्वतः ठरवतं, एकूण वेळ पुरेसा भरेपर्यंत फंक्शन फिरवतं आणि मग भागाकार करतं. तिन्ही यंत्रांवर एकच चाचणी-फाइल जशीच्या तशी चालली. हे फार मोठं सुख आहे.

पहिल्याच आठवड्यात मला अशक्य आकडा दिसला: एक मेगाबाइट मजकूर नॅनोसेकंदाच्या आतच मोजून झाला! फंक्शन इनलाइन झालं होतं (त्याचा कोड बोलावणाऱ्या जागीच मिसळला होता), मजकूर बदलत नव्हता, म्हणून कंपायलरने मोजणीच लूपबाहेर नेली होती. उत्तरावर ‘डूनॉटऑप्टिमाइझ’ (हे मूल्य वापरात आहे असं कंपायलरला भासवणारं लायब्ररीतलं साधन) लावलं की भागलं, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. त्याने उत्तर फेकलं जात नाही, पण ते आधीच काढून ठेवायला कंपायलर मोकळा राहतो. मजकुराच्या पॉइंटरलाही तेच लावलं आणि मेमरी बदलली असेल असं भासवणारं ‘क्लॉबरमेमरी’ जोडलं, तेव्हा खरे आकडे आले.

मग मी मनापासून फंक्शन घासलं. साधा लूप कंपायलर स्वतःच व्हेक्टरमध्ये बदलतो, पण प्रत्येक बाइटचा निकाल ६४ बिटांच्या बेरजेत टाकायचा म्हणून रुंदीकरणाच्या इन्स्ट्रक्शनचा ढीग लागतो. आतला लूप २५५ फेऱ्यांपुरता ठेवून बेरीज एका बाइटमध्येच केली आणि मग बाहेर मिळवली, की हा ढीग नाहीसा होतो. लॅपटॉपवर एका वेळी ३२ बाइट, पायवर निऑनमुळे (तिथल्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) १६. व्हेक्टर नसलेल्या बोर्डासाठी आठ बाइट एका रजिस्टरमध्ये घेऊन बिटांच्या सरकासरकीने शेपटांचे बिट वेगळे काढले आणि ते यू७४च्या ‘सीपॉप’ या १ असलेले बिट मोजणाऱ्या इन्स्ट्रक्शनने मोजले. आलेख बघून डोळे निवले.

शब्दकोशात टाकलं, तर फरक शून्य.

हा दिवस मला अजून आठवतो, कारण चूक कोडमध्ये नव्हती. माझी चाचणी ६४ किलोबाइटचा एकसलग मजकूर देत होती. शब्दकोश मात्र फंक्शनला एकेक शब्द देत होता. चार-पाच कोडपॉइंटांचा मराठी शब्द म्हणजे १२ ते १५ बाइट. त्यात १६चा व्हेक्टरही भरत नाही, ३२चा तर लांबच. सगळं काम शेवटच्या उरल्यासुरल्या बाइटांच्या साध्या लूपमध्ये होत होतं, ज्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग खऱ्या वापरातल्या लांब्या नोंदवून त्याच प्रमाणात, क्रम पिसून, चाचणीला दिल्या. क्रम पिसणं आवश्यकच आहे. तोच छोटा मजकूर पुन्हापुन्हा दिला की ब्रँच प्रेडिक्टर (कोड पुढे कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) तो पाठ करतो आणि आकडे फुकट गोड दिसतात.

आठ ते सोळा बाइटांसाठी नवी युक्ती केली: सुरुवातीचे आठ आणि शेवटचे आठ असे दोन घास घ्यायचे, दोन्हींत आलेले बाइट सरकवून बाहेर टाकायचे. लॅपटॉपवर आणि पायवर याने शब्दकोशाचा शोध खरोखर हलका झाला. रिस्क-व्ही बोर्डावर उलटं झालं. आठने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून आठ बाइट वाचणं यू७४च्या हार्डवेअरला जमत नाही; ट्रॅप पडतो, म्हणजे काम थांबून ताबा फर्मवेअरकडे जातो, आणि फर्मवेअर ते वाचन करून देतं. सुरक्षित पद्धतीने वाचावं तर कंपायलर आठ सुटे बाइट वाचून जोडतो, मग फायदा कसला? तिथे छोट्या शब्दांसाठी साधा बाइट-बाइट लूपच ठेवलाय. तीन यंत्रांना तीन उत्तरं, आणि मला आता ते योग्यच वाटतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाय पंख्याशिवाय ठेवण्याची चूक मी केली. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे यादीत शेवटी असलेलं फंक्शन नेहमी हरायचं. पंखा बसवला, आणि चाचण्यांचा क्रम मिसळण्याची सोय याच लायब्ररीत आहे, ती चालू केली. दोन आवृत्त्यांची तुलना करणारी पायथन स्क्रिप्ट सोबत येते. फरक खरा की योगायोग हे ती मान-व्हिटनी या संख्याशास्त्रीय चाचणीने सांगते, पण किमान नऊ पुनरावृत्त्या द्या. मी वीस देते, लॅपटॉपचा गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवते आणि प्रक्रिया ‘टास्कसेट’ने एका कोअरला बांधते. शंका आली की ‘पर्फ स्टॅट’ या लिनक्सच्या साधनाने इन्स्ट्रक्शन आणि चुकलेल्या ब्रँच बघते, वेळेपेक्षा त्या संख्या कमी हलतात.

सध्या ओळ तोडणाऱ्या भागाला शब्दाऐवजी अख्खी ओळ एकदम द्यायची सोय करतेय, म्हणजे घासून ठेवलेला व्हेक्टरचा भाग अखेर कामाला लागेल.