क्लाऊड सीआरएमला एसएसओ: एन्ट्रा, गूगल की स्वतःचं कीक्लोक?

भोसरीत शॉप (म्हणजे कारखाना), बाणेरला सेल्सचं ऑफिस, सव्वाशे माणसं आणि त्यातल्या साठ जणांसाठी घेतलेला क्लाऊड सीआरएम, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर. अशा कंपनीत एसएसओचा (सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच खात्याने सगळ्या अ‍ॅपमध्ये लॉगिन) विषय निघाला की तीन नावं पुढे येतात: मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी (२०२३ पर्यंत याचंच नाव अझूर एडी होतं), गूगल वर्कस्पेस आणि परवाना शुल्क नसलेलं कीक्लोक. काम तिन्हींनी भागतं, पण डोकेदुखी प्रत्येकाची वेगळी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मेल जिथे आहे, लॉगिनही तिथेच ठेवा. माणूस नोकरी सोडतो त्या संध्याकाळी बाकी काही बंद होवो न होवो, मेल मात्र हमखास बंद होतो. सीआरएमची चावी त्याच खात्याला बांधली की एचआरला वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. अपवाद एकच मोठा आहे, तो कीक्लोकच्या भागात येईल.

आधी सीआरएमचा प्लॅन बघा

बऱ्याच सीआरएममध्ये सॅमल (लॉगिन झाल्याचा निरोप एका सेवेकडून दुसरीला पोहोचवायची ठरलेली पद्धत) फक्त वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. साठ लायसन्सवरचा दरमहा फरक काढून पाहा. अनेकदा तो आयडीपीच्या (लॉगिन तपासणारी सेवा, म्हणजे वरच्या तिघांपैकी एक) खर्चाहून जास्त निघतो आणि कोटेशन हातात येईपर्यंत कुणी त्याबद्दल बोलत नाही.

खालच्या प्लॅनवर बहुधा ‘गूगलने साइन इन करा’ किंवा ‘मायक्रोसॉफ्टने साइन इन करा’ असं बटण असतं. छोट्या टीमला ते पुरतंही, पण विक्रेत्याला दोन गोष्टी विचारून घ्या. एक, बटण सुरू केल्यावर जुना पासवर्ड सगळ्यांसाठी बंद करता येतो का? येत नसेल तर सोडून गेलेला माणूस मोबाइल अ‍ॅपवर जुन्याच पासवर्डने आत येत राहील, कारण मेल बंद झाल्याचं त्या पासवर्डला कळत नाही. दोन, लॉगिन फक्त कंपनीच्या डोमेनपुरतं ठेवता येतं का? नाहीतर कुणीतरी घरच्या जीमेलने खातं उघडतो आणि ग्राहकांची यादी तिकडे जाते. या दोन्हींना ‘हो’ असेल तर सॅमलसाठी वरचा प्लॅन घेण्याची घाई नको.

सॅमल की त्याच कामाची नवी पद्धत ओआयडीसी, यावर फार वेळ घालवू नका. सॅमल २.० हे २००५ चं, ओआयडीसी २०१४ चं. सीआरएम जे देतो ते घ्या. दोन्ही देत असेल तर ओआयडीसीमध्ये सर्टिफिकेट हाताने बदलायचं काम नसतं, पण क्लायंट सीक्रेटची (सीआरएमला दिलेल्या गुप्त किल्लीची) मुदत मात्र सांभाळावी लागते.

एन्ट्रा

एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन्समध्ये नवीन अ‍ॅप, सिंगल साइन-ऑनमध्ये सॅमल, मग सीआरएमने दिलेला एंटिटी आयडी (सीआरएमची ओळख) आणि रिप्लाय यूआरएल (लॉगिननंतर निरोप जिथे पाठवायचा तो पत्ता) भरायचा. एन्ट्राची मेटाडेटा फाइल सीआरएममध्ये चढवायची. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर जे अडतं ते ठरलेल्या तीन जागी. चूक क्रमांक ५००११ आला तर रिप्लाय यूआरएल जुळत नाही. शेवटचा स्लॅश किंवा सँडबॉक्सचा (चाचणीच्या प्रतीचा) पत्ता राहून गेलेला असतो. ७०००१६ म्हणजे बहुतेक वेळा एंटिटी आयडीत गफलत. ५०१०५ म्हणजे जोडणी ठीक आहे, पण त्या माणसाला अ‍ॅप नेमून दिलेलं नाही.

खरा घोळ नेम आयडीत, म्हणजे माणूस ओळखायला सीआरएमला पाठवल्या जाणाऱ्या नावात होतो. एन्ट्रा मुळात युजर प्रिन्सिपल नेम (एन्ट्रामधलं लॉगिनचं नाव) पाठवतं. कारखान्यातल्या जुन्या एडी सर्व्हरचं (कर्मचाऱ्यांची विंडोज खाती ठेवणारा सर्व्हर) डोमेन ‘.लोकल’ने संपत असेल आणि सिंक करण्याआधी ते दुरुस्त केलं नसेल, तर क्लाऊडमध्ये ते नाव ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’च्या पत्त्याने उतरतं. सीआरएममध्ये मात्र कंपनीचा ईमेल असतो. मग एकतर ‘युजर सापडला नाही’, किंवा त्याहून वाईट, आपोआप खातं बनवण्याची सोय चालू असेल तर त्याच माणसाचं दुसरं, रिकामं खातं तयार होतं आणि लीड्स पहिल्यातच राहतात. नेम आयडी बदलून ईमेल ठेवा आणि ते आपोआप खातं बनवणं पहिल्या आठवड्यात बंदच ठेवा. ईमेललाही मर्यादा आहे: लग्नानंतर आडनाव बदललं आणि मेल बदलला की जोडणी तुटते. सीआरएम घेत असेल तर एम्प्लॉयी कोडसारखा न बदलणारा आकडा सर्वांत चांगला.

खर्चाचं गणित असं. एसएसओ स्वतः फुकटच्या एन्ट्रातही चालतं. पण ‘सेल्स’ हा अख्खा ग्रुप अ‍ॅपला नेमून द्यायचा, किंवा ऑफिसबाहेरून येताना दुसरा पुरावा मागायचा अशी अट घालायची, तर एन्ट्राचा पी१ हा पैसे भरून घ्यायचा परवाना लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये तो आधीच असतो, त्यामुळे नवीन काही घेण्याआधी आपलं बिल उघडून बघा. ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर आतल्यांना अ‍ॅप मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सॅमलच्या सही-सर्टिफिकेटची मुदत सहसा ३ वर्षं. संपण्याच्या ६०, ३० आणि ७ दिवस आधी सूचना येते, पण ती ज्याने अ‍ॅप जोडलं त्याच्या मेलवर. तो मधल्या काळात कंपनी सोडून गेला असेल तर एका सकाळी सगळा सेल्स बाहेर. सूचनेचा पत्ता पहिल्याच दिवशी आयटीच्या सामायिक मेलबॉक्सचा करा.

गूगल वर्कस्पेस

इथे बटणं कमी, म्हणून चुकाही कमी. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये वेब अँड मोबाइल अ‍ॅप्स, तिथून कस्टम सॅमल अ‍ॅप, एसीएस यूआरएल (एन्ट्रातला रिप्लाय यूआरएल तोच) आणि एंटिटी आयडी. नवीन अ‍ॅप सगळ्यांसाठी बंद असतं, ते विभागानुसार चालू करावं लागतं. ४०३ आला तर पुढचे शब्द नीट वाचा: ‘नॉट एनेबल्ड’ म्हणजे त्या विभागाला अ‍ॅप चालू केलेलं नाही, ‘नॉट कॉन्फिगर्ड’ म्हणजे एंटिटी आयडी जुळत नाही. बदल लागू व्हायला गूगल २४ तासांपर्यंतची मुदत सांगतं. तेव्हा दहा मिनिटांत जमलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा सेटिंग हलवू नका. मग कशामुळे चाललं तेच कळत नाही.

गूगल मुख्य पत्ता पाठवतं, एलियस (त्याच मेलबॉक्सचा दुसरा पत्ता) नाही. सीआरएममध्ये कुणाची नोंद एलियसने झाली असेल तर तेवढाच माणूस अडकतो आणि ‘माझंच का चालत नाही’ असा फोन येतो. सर्टिफिकेट ५ वर्षांचं असतं, म्हणजे तोवर सगळे हे काम विसरलेले असतात. कॅलेंडरवर टाका.

बारीकसारीक अटी लावण्यात गूगल एन्ट्राच्या मागे आहे. साठ माणसांच्या सेल्स टीमला ते जाणवण्याची शक्यता कमी.

कीक्लोक

हाच तो अपवाद. सीआरएममध्ये डीलर, सर्व्हिस फ्रँचायझी, शॉपवरचे सुपरवायझर असे कंपनीचा मेल नसलेले शेकडो लोक येणार असतील, तर प्रत्येकामागे परवाना मोजणं परवडत नाही. तिथे कीक्लोक शोभतं. ते अपाचे २.० परवान्याखाली आहे आणि ओआयडीसी, सॅमल दोन्ही बोलतं. फुकट असलं तरी सांभाळणारा माणूस मात्र लागतो. आवृत्त्या भराभर येतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ताज्या आवृत्तीलाच मिळतात.

पहिल्या दिवशीच्या अडचणी ठरलेल्या. जुन्या लेखांमधले पत्ते ४०४ देतात, कारण आवृत्ती १७ पासून यूआरएलमधला ‘ऑथ’ हा भाग मुळात नसतो. एनजिनएक्सच्या (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा वेब सर्व्हर) मागे ठेवलं आणि होस्टनेम व प्रॉक्सी-हेडर्स सांगितले नाहीत, तर ते स्वतःचा पत्ता एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी सांगतं आणि सीआरएम ते नाकारतो. सॅमल क्लायंट (कीक्लोकमधली सीआरएमची नोंद) बनवला की ‘क्लायंट सिग्नेचर रिक्वायर्ड’ चालूच असतं. सीआरएम आपल्या विनंतीवर सही करत नसेल तर ‘इनव्हॅलिड रिक्वेस्टर’ एवढाच निरोप मिळतो.

आणि सर्व्हर कुठे ठेवायचा? शॉपमधल्या रॅकमध्ये नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, यूपीएस तासाभरात संपला, की नाशिकमध्ये ग्राहकापुढे बसलेला सेल्स इंजिनिअर सीआरएम उघडू शकत नाही. क्लाऊड अ‍ॅपचं कुलूप भोसरीच्या विजेवर लटकवण्यात काही अर्थ नाही. क्लाऊडवर दोन छोटी मशीन (प्रत्येकी २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम) आणि रोज बॅकअप घेतला जाणारा पोस्टग्रेस डेटाबेस, एवढं इतक्या लोकांना पुरतं. अझूरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचं मुंबईत.

घड्याळाकडेही लक्ष हवं. सॅमलच्या निरोपावर ‘कधीपासून कधीपर्यंत वैध’ लिहिलेलं असतं. सर्व्हरचं घड्याळ तीन-चार मिनिटं पुढे गेलं तरी लॉगिन फेटाळलं जाऊ शकतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेतच.

त्याच आदेशात १८० दिवसांचे लॉग राखण्याची अट आहे, आणि इथे तिघांमधला फरक उघडा पडतो. फुकटचं एन्ट्रा साइन-इनचे लॉग ७ दिवस ठेवतं, पी१ असेल तर ३० दिवस. पुढचे स्वतः बाहेर साठवावे लागतात. गूगल लॉगिनचे लॉग ६ महिने ठेवतं. कीक्लोक तर डेटाबेसमध्ये घटना साठवतच नाही, जोवर तुम्ही ‘सेव्ह इव्हेंट्स’ चालू करत नाही.

बदल कोणत्या दिवशी?

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांना शनिवार सोयीचा. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, पण त्या दिवशी मुंबई-नाशिकचे ग्राहक कामावर असतात, म्हणजे सेल्सला सुट्टी नाही. बुधवारी संध्याकाळी पाच जणांवर चाचणी घ्या. त्यात एक मोबाइल अ‍ॅपवाला आणि एक डिस्पॅच गेटवरच्या सामायिक कॉम्प्युटरवरचा असू द्या. त्या कॉम्प्युटरवर पहिल्या शिफ्टच्या माणसाचं लॉगिन दुसऱ्या शिफ्टलाही चालू राहतं आणि चलनावर भलत्याचंच नाव पडतं. तिथे ब्राउझर बंद करताच सेशन पुसलं जाईल अशी मांडणी करा.

पासवर्डने लॉगिन बंद करण्याआधी सीआरएममध्ये एक अ‍ॅडमिन खातं एसएसओबाहेर ठेवा. लांब पासवर्ड, टीओटीपीची (दर काही सेकंदांनी बदलणारा कोड) किल्ली, आणि दोन्ही बंद पाकिटात तिजोरीत. चाचणी चालू असताना दुसऱ्या ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिनचं एक सेशन उघडं राहू द्या. शेवटी एक खातं आयडीपीत मुद्दाम बंद करा आणि त्याच्या फोनवरचं सीआरएम किती वेळ चालू राहतं ते बघा. एसएसओ फक्त दाराशी अडवतं. आत असलेल्याला बाहेर काढायला सेशनची मुदत कमी करावी लागते, नाहीतर स्किम, म्हणजे आयडीपीत खातं बंद होताच सीआरएममधलंही बंद करणारी जोडणी. एक्सेल रिपोर्टसाठी कुणी काढून ठेवलेली एपीआय टोकन्स (लॉगिनशिवाय सीआरएममधला डेटा ओढणाऱ्या किल्ल्या) यातल्या कशानेच मरत नाहीत. ती सीआरएमच्या अ‍ॅडमिन पॅनलमधून हाताने रद्द करायची.