दसऱ्याची गाडी घरपोच घेतली आणि ५०,६०० रुपये घालवले

नवी गाडी घरपोच मागवायची का शोरूममधून स्वतः आणायची, असा प्रश्न सध्या ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं उत्तर ५०,६०० रुपयांना पडलं. त्यात मागचं उजवं दार धरलेलं नाही. ते दार नव्या गाडीवर दुसऱ्यांदा रंगवलेलं आहे आणि त्याचे किती पैसे लावायचे, हे अजून कुणी सांगायला तयार नाही.

शोरूमचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणून सांगितलंय. हायवेवरचं आहे, एवढं बास.

गाडी ऑनरोड १२,१४,६००. आम्ही राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, शोरूम गावाच्या दुसऱ्या टोकाला. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. एका रांगेत पंचवीस गाड्या, प्रत्येकीवर लाल कापड, किल्ली हातात घेऊन फोटो, पेढा, की पुढचा. सेल्समधला पोरगा गोड बोलणारा. "साहेब, कशाला एवढ्या लांब येताय? हितं नुसती जत्रा असती. खंडेनवमीला संध्याकाळी गाडी तुमच्या दारात. दसऱ्याला सकाळी आई निवांत ओवाळतील." आईचं नाव काढलं की माणूस पुढं काय बोलणार?

घरपोचचे ४,५०० लावले. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून येणार, एक किलोमीटरसुद्धा रनिंग होणार नाही, असं तोंडी ठरलं. वर 'हँडलिंग'चे ३,८००. हा कसला चार्ज म्हणून विचारलं तर "सगळ्यांनाच लागतो साहेब". कुणाच्या बापाचा कायदा आहे हा? ज्याची पावती नाही तो चार्ज द्यायचा नाही. मी दिला, कारण बुकिंग रद्द करून दसरा हुकवायची घरात कुणाची तयारी नव्हती.

मग ४२,३००. सीट कव्हर, मॅट, कॅमेरा, अंडरबॉडी कोटिंग आणि एक्स्टेंडेड वॉरंटी, सगळं मिळून. त्यानं मोबाइलवर स्कॅनर पाठवला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर शोरूमचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. मी लगेच फोन केला. म्हणाला, "अकाउंटच्या मॅडमच्या स्कॅनरचं आजचं लिमिट संपलंय, सणाची गर्दी आहे. माझ्यावर टाका, मी रात्री एंट्री करतो." आता यूपीआयला दिवसाचं लिमिट असतं हे खरं आहे. म्हणून तर पटलं! पण ते लिमिट पाठवणाऱ्याला टोचतं, आणि एवढ्या मोठ्या डीलरचं करंट खातं दुपारी बारालाच कसं भरलं, हे त्या वेळी डोक्यात यायला माणूस वकील तरी पाहिजे नाहीतर रिकामटेकडा तरी. मी कारखान्यात मशीनवर जॉब लावून उभा होतो. एका हातात व्हर्निअर, दुसऱ्या हातात फोन. पिन टाकली.

शोरूमचे पैसे शोरूमच्याच खात्यात. समोरचा भाऊ लागत असला तरी.

गाडी आली ती संध्याकाळी सव्वासातला, आणि चालवत आणली. फ्लॅटबेड कुठं गेला विचारलं तर तो म्हणे दुसऱ्या डिलिव्हरीत अडकलाय. मीटरवर २१४ किलोमीटर. यार्डातून शोरूमला, पंपावर, नंबरप्लेट लावायला, असं करत पन्नास-साठ मी समजू शकतो. २१४ मध्ये साताऱ्याच्या पुढं जाऊन पोहोचाल. ड्रायव्हर म्हणाला, "ट्रान्सपोर्टचं रनिंग असतं मालक."

आणि त्या दाराच्या हँडलला झेंडूची माळ बांधलेली. याच्यावर रोज रात्री माझं डोकं तडकतं. गाडीला हार बॉनेटवर घालतात, फार तर आरशांना रिबन लावतात. मागच्या दाराला, तेही फक्त उजव्या, कोण माळ बांधतं? पाकळ्या हँडलपासून खालच्या कडेपर्यंत लोंबत होत्या, बरोबर जिथं रंगाची कड संपते तिथं. आमच्या पोरीनं ती माळ बघून "किती छान" म्हणत फोटोही काढला. तोच फोटो आता माझा पुरावा आहे.

माझं मशीन शॉप आहे, मायक्रॉनवर माझं पोट चालतं. त्यामुळे "तुला कळलं नाही का रे?" असं पाहुण्यांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. गल्लीतल्या ट्यूबलाइटखाली, ढगाळ हवेत, आई ताट घेऊन उभी असताना आणि ड्रायव्हर "अजून दोन डिलिव्हऱ्या आहेत" म्हणून पाय आपटत असताना रंगाची जाडी कळत नसते. कळते म्हणणाऱ्यानं येऊन दाखवावं. त्यानं कागद पुढं केला. 'गाडी तपासून सुस्थितीत मिळाली' या ओळीपुढं टिक आधीच मारलेली होती. सही झाली.

दिवाळीआधी सिरॅमिक कोटिंगला गाडी उद्यमनगरात नेली. तिथल्या पोरानं रंगाची जाडी मोजायचा मीटर लावला. बॉनेट ११५ मायक्रॉन, डावी दारं ११० ते १२०, उजवं पुढचं ११८. मागचं उजवं २९०. दोनदा लावून बघितलं. मग त्यानं काच दाखवली. प्रत्येक दाराच्या काचेवर कोपऱ्यात बारीक कोड असतो. तीन काचांवर एकसारखा, चौथ्यावर वेगळा. म्हणजे नुसता ओरखडा नव्हता, काच बदलण्याइतकं काहीतरी झालेलं होतं. रबराच्या आत बोट घातलं तर रंग मारताना लावतात त्या मास्किंग टेपची कड हाताला लागली.

शोरूमनं आधी व्हॉट्सअॅपवर पीडीआयचे, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीचे, फोटो पाठवले होते. ते आता झूम करून बघितले. रंग तोच, मॉडेल तेच, चासी नंबर एकाही फोटोत नाही. दुसरीच गाडी असणार.

शोरूमला गेलो. सेल्समधला तो पोरगा नोकरी सोडून गेलेला. ४२,३०० ची एंट्री नाही, वॉरंटी नाही, कोटिंग नाही, सीट कव्हर गाडीत आहेत ती म्हणे 'कॉम्प्लिमेंटरी'. मॅनेजर म्हणाला, "त्याच्या पर्सनल खात्याला आम्ही जबाबदार नाही. आणि दार तुमच्याकडं आल्यावर लागलं नसेल कशावरून? सही आहे तुमची." अंगावर तुमच्याच शोरूमचा शर्ट, गळ्यात तुमचंच ओळखपत्र, टेबल तुमचं, चहा तुमचा, आणि पैसे घेतले की माणूस पर्सनल?

पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर "गाडी चालते न्हवं? मग हे सिव्हिल मॅटर." शोरूम ज्या हद्दीत आहे तिथं जा. तिथं गेलो तर तुम्ही राहता तिथं जा. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नावाची सोय आहे, असं मी मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, "मग तुम्हीच बसा या खुर्चीत." सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी चोरीला गेलेला नाही, तक्रार नोंदवतो. नोंदवली. बँकेत "ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे सर". कंपनीच्या कस्टमर केअरचा तर नादच नको. तिकीट काढतात, डीलरकडं पाठवतात, डीलर 'ग्राहकाशी बोलणं झालं' असं लिहितो, तिकीट बंद. वर मला मेसेज, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? आणखी एका सरकारी खिडकीवर खाली मान घालून सांगितलं, "नंबर पडलाय, आता गाडी तुमची. आम्ही काय करणार?"

या सगळ्यांत खरं बोलला तो हा खिडकीवाला, आणि घरपोचची गोम त्यातच आहे. आता रजिस्ट्रेशन डीलरच ऑनलाइन करतो, गाडी आरटीओत दाखवायलाही न्यावी लागत नाही. नंबरप्लेट लावूनच गाडी दारात येते. म्हणजे तुम्ही ती पहिल्यांदा बघता तेव्हा ती तुमच्या नावावर होऊन बसलेली असते. नको म्हणायची वेळ त्याच्या आधीच, यार्डात, बिल फाडायच्या आणि रजिस्ट्रेशनच्या अगोदर. तेव्हा दुसरी गाडी द्यायला डीलरचं काही जात नाही. तेव्हा चासी नंबर स्वतःच्या हातानं लिहून घ्या आणि फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, तोच आहे का बघा. त्याच फॉर्मवर गाडी कुठल्या महिन्यात बनली तेही असतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एवढं झाल्यावर गाडी हेलिकॉप्टरनं मागवा, माझं काही म्हणणं नाही.

आणि इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. माझ्या शेजाऱ्यानं बाहेरून घेतला तर लगेच "मग डिलिव्हरी दसऱ्याला जमेल का बघावं लागेल" सुरू झालं होतं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ऑनलाइन होते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी फक्त ४०० रुपये, हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ, काचांचे फोटो, यूपीआयची पावती, माळेचा फोटो, सगळं जोडलंय. तारीख पडायची आहे. शोरूमनं मध्ये फोन करून १५,००० ची अॅक्सेसरीज 'गुडविल' म्हणून देतो म्हटलं, पण तक्रार मागं घ्या. घेतली नाही.

यंदाच्या दसऱ्याला ज्यांनी ज्यांनी घरपोच गाडी घेतली, त्यांनी सकाळच्या उन्हात चारी काचांचे कोड एकदा ताडून बघा. जुळले नाहीत तर आधी फोटो काढा, मगच गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला सोडा. एकदा त्यांच्या वर्कशॉपात शिरली की दार तिथंच लागलं का आधी, हे सिद्ध करत बसाल.