मावशीचा पितृदोष आणि माझे ५६,००० रुपये

बाबा कार्तिकात गेले. रामकुंडावर दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि माझी झोप गेली. रात्री तीनला टक्क जाग यायची, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. सिन्नरची मावशी म्हणाली, "पितृदोष आहे रे. त्र्यंबकला नारायण नागबळी करून घे, तीन दिवसांचं काम." मी हसलो. दर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत पुढच्या रांगेत बसणारा मी, सार्वजनिक वाचनालयाचा बावीस वर्षांचा सभासद. मी कशाला असल्या गोष्टींना बळी पडतोय!

पडलो. फक्त दार वेगळं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गेज लावल्याशिवाय साधा नट पुढे जाऊ देत नाही. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी जास्त कीव येईल.

एका सहकाऱ्याने कॉलेज रोडच्या बाजूचा पत्ता दिला. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पाटीवर 'माइंड कन्सल्टंट'. कपाटात कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाची पुस्तकं, त्यांना टेकून उपनिषदं. पन्नाशीतले गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी "काय होतंय?" असं विचारलंच नाही. विचारलं, "काय वाचता?" झालं. दीड तास आम्ही युंगचं सामूहिक अबोध मन, म्हणजे सगळ्या माणसांत जन्मतःच असलेला मनाचा खोल थर, आणि मांडूक्य उपनिषदातली तुरीय अवस्था, म्हणजे जागृती, स्वप्न आणि गाढ झोप यांपलीकडची चौथी अवस्था, यांवर बोलत बसलो. कारखान्यात माझ्याशी तुरीयावर कोण बोलणार? १,५०० रुपये मी खुशीने दिले.

आठवड्याने चार पानी अहवाल आला. बाहेरून कणखर, आतून हळवे. लोकांनी मानावं असं वाटतं, पण दाखवत नाही. क्षमता मोठी, तिचा पूर्ण वापर झालेला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने वाचला आणि म्हणाली, "हे तर माझंच लिहिलंय." तिथेच थांबायला हवं होतं. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली हाच खेळ करून दाखवलाय, हे मला फार उशिरा कळलं. त्याने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर वाटला, तोही पेपरच्या स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी त्याला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी पाच दिले असते.

मग आठ सत्रांचं पॅकेज, ३६,००० रुपये, आगाऊ. पैसे वैयक्तिक खात्यावर, पावती 'सहयोग राशी' म्हणून. पहिल्या सत्रात त्यांनी माझ्याच हातात स्फटिकाचा लोलक दिला आणि कागदावर आमची वंशावळ काढली. "तीन पिढ्यांत कुणीतरी असा आहे, ज्याचं नाव घरात घेत नाहीत." लोलक आजोबांच्या भावावर गोल फिरायला लागला. हे चुलत आजोबा घर सोडून गेले होते. माझ्या अंगावर काटा आला. आता विचार करा, कुठल्या घरात असा एक चुलता नसतो?

लोलकाचं कोडं १८३३ सालीच सुटलंय. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केला. डोळे बांधले की लोलक थांबतो. आपल्याला जे अपेक्षित असतं, तिकडे बोटं नकळत ढकलतात. मी घरी दोऱ्याला एम-१० चा नट बांधून करून पाहिलं. पुतण्याने माझे डोळे बांधले, कागद हवा तसा फिरवला. नटाला एकदाही आजोबांचा भाऊ सापडला नाही. पण हे सगळं पैसे गेल्यावर.

त्याआधी शिबिर झालं, १८,५०० रुपये. 'कुटुंब मांडणी'. अनोळखी माणसं तुमचे आजोबा, तुमचे वडील होऊन उभी राहतात आणि म्हणे त्यांना तुमच्या घरच्यांच्या भावना जाणवतात. ही पद्धत बर्ट हेलिंगर या जर्मन माणसाची, जो आधी कॅथलिक पाद्री होता आणि दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये मिशनरी म्हणून राहिला होता. परक्या माणसाला आपल्या घरचं कसं कळतं, यावर उत्तर तयार होतं : रुपर्ट शेल्ड्रेक या इंग्रज जीवशास्त्रज्ञाचं 'मॉर्फिक फील्ड', म्हणजे आठवणी साठवणारं एक अदृश्य क्षेत्र. हा विचार त्याने १९८१ साली मांडला आणि शास्त्रज्ञांनी तो मान्य केलेला नाही, एवढा भाग सांगायचा राहिला.

प्रामाणिकपणे सांगतो, तिथे मी रडलो. इगतपुरीहून आलेला एक अनोळखी माणूस बाबा म्हणून समोर उभा होता, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन रात्री झोपही लागली. म्हणूनच हे प्रकरण अवघड. रडून हलकं वाटलं ते खरंच होतं, पण त्यावरून आजोबांच्या भावाचा शाप सिद्ध होत नव्हता.

खरा धोका पुढे होता. मी दोन वर्षं बीपीची गोळी घेतो. गृहस्थ "बंद करा" असं कधीच म्हणाले नाहीत, तेवढे हुशार होते. म्हणाले, "तुमची इच्छा. पण शरीर बोलतंय आणि गोळी म्हणजे त्याच्या तोंडावर हात." मी एकोणीस दिवस घेतली नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १८४ वर ११० निघालं. सिस्टरने तीनदा मोजलं, मग डॉक्टरांनी झापलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वडील गेलेत तुमचे. असं होतं." एवढं साधं वाक्य मला तीन महिन्यांत कुणी ऐकवलं नव्हतं.

युंगवर माझा राग नाही. तो स्वतः काठावरचाच माणूस. १९०२ चा त्याचा प्रबंध मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका मुलीवर आहे आणि ती त्याची मामेबहीण होती, हे त्याने त्यात सांगितलं नाही. पण त्याचं सामूहिक अबोध साऱ्या मानवजातीचं. ते कुणाच्या चुलत आजोबांचं लॉकर नव्हे. हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली, कारण समोरचा माणूस मला वाचणारा समजत होता.

मावशीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे वरच्या पिढीतला कुणीतरी अतृप्त आहे आणि त्याचं तुला भोवतंय?"

"हो, तसंच म्हणाले."

"मग मी काय वेगळं सांगितलं होतं? आणि किती घेतले?"

आकडा ऐकून तिने पदर तोंडाला लावला.

कुणी अशा दारात उभं असेल, तर आधी नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. 'काउन्सेलर', 'कोच', 'कन्सल्टंट' अशी पाटी मात्र उद्या मीही लावू शकतो. रात्री तीनला कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे. मला हा नंबर तेव्हा माहीत असता तर!

आठपैकी तीनच सत्रं झाली होती. उरलेल्या पाचांचे २२,५०० रुपये मी परत मागितले. उत्तर आलं, "हा तुमच्या अबोध मनाचा प्रतिकार आहे." मी लिहिलं, प्रतिकार नाही, बीपी आहे. त्यावर, "प्रतिकार शरीरातूनच बोलतो." विज्ञान कशाला म्हणायचं यावर लिहिणारा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर, त्याने १९१९ साली ॲडलर या मानसशास्त्रज्ञाला एका मुलाची हकिगत सांगितली होती. त्या मुलाला न पाहताच ॲडलरने निदान केलं आणि वर सांगितलं की हे हजार अनुभवांवरून म्हणतोय. पॉपर म्हणाला, आता ते एक हजार एक झाले असतील. माझा नंबर कितवा होता कोण जाणे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. परवा त्या गृहस्थांचा पुन्हा मेसेज आला : पैसे परत मागणं हा वडिलांवरचा न व्यक्त झालेला राग आहे, त्यासाठी वेगळं सत्र घ्यावं लागेल.