समन्वित आरोग्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी: फोंड्यात राहून केलेल्या अभ्यासक्रमाविषयी

अमेरिकेतील एका विद्यापीठाचा समन्वित व समग्र आरोग्य (म्हणजे आधुनिक वैद्यकाबरोबर पूरक व पारंपरिक उपचारांचा मेळ) या विषयातील दोन वर्षांचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी फोंड्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. गोव्यातील आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील अनेक तरुण वैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि योगशिक्षक अशा अभ्यासक्रमांची चौकशी करत असतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव दिलेले नाही, कारण त्याच्या उणिवाही मोकळेपणाने मांडायच्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे नोंदणीकृत वैद्यकीय पदवी आणि स्वतःचे रुग्ण आहेत, त्याला हा अभ्यास खरोखर उपयोगी पडेल. ज्याला या पदवीच्या बळावर रुग्ण तपासायला सुरुवात करायची आहे, त्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

पहिले सत्र इतिहासाचे आहे आणि ते लवकर उरकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्यायी उपचारांसाठी एक छोटा विभाग काढला, १९९८ मध्ये त्याचे केंद्रात रूपांतर झाले आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्या केंद्राच्या नावातून ‘पर्यायी’ जाऊन ‘समन्वित’ आले, हा सगळा प्रवास त्यात येतो. त्याच्या महिनाभर आधीच आपल्याकडे आयुष हे स्वतंत्र मंत्रालय झाले होते. ही माहिती वाचनीय असली तरी तिच्यासाठी एवढी फी भरण्याची गरज नाही.

गोव्यातल्या वैद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वनौषधी आणि आधुनिक औषधे यांच्या परस्परक्रियांचे सत्र. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. माझ्याकडे येणाऱ्या अनेक मधुमेही रुग्णांच्या पिशवीत इस्पितळातून मिळालेल्या गोळ्या असतात आणि घरी सकाळी किरायत्याचा, म्हणजे एका कडू वनस्पतीचा, काढा ठरलेला असतो. हा काढा म्हणजे औषध आहे असे त्यांना वाटत नाही, त्यामुळे ‘औषधे कोणती घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात तो कधीच येत नाही. या सत्राचा मुख्य स्वाध्याय असा होता की आपल्या एका रुग्णाच्या संमतीने, तो झोपेतून उठल्यापासून रात्री आडवा होईपर्यंत तोंडात जे जे घालतो त्याची वेळेसह नोंद करायची. मी ज्या आजींची नोंद केली, त्यांना दुपारी अकराच्या सुमारास घाम फुटून थरथरायला होत असे. सकाळी उपाशीपोटी किरायते, त्यावर साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी, नाश्त्याला साखर वाढेल या भीतीने अर्धीच भाकरी, आणि नंतर थेट दीड वाजता हुमण-भात, असा त्यांचा क्रम होता. किरायत्याने साखर उतरते हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, पण माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. म्हणून माझ्या मार्गदर्शकांनी काढ्यावर लगेच ठपका ठेवू दिला नाही. गोळी आणि अपुरा नाश्ता एवढ्यानेही साखर खाली जाऊ शकते, तेव्हा दोन्ही शक्यता लिहा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना पत्र पाठवा, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी केले, आजींनी नाश्ता पूर्ण घ्यायला आणि काढा थांबवायला होकार दिला, आणि तो त्रास थांबला. नेमके कशाने थांबला हे सिद्ध झाले नाही, आणि तसे प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल मला त्या स्वाध्यायात चांगले गुण मिळाले. वैद्यक शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली.

याच सत्रात पिपेरिनचा अभ्यास होता. मिरी आणि पिंपळी यांतला हा घटक काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतो. जम्मूच्या संशोधकांनी १९८७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून अपस्मारावरील फेनिटॉइनच्या बाबतीत हे दाखवले होते. आम्ही त्रिकटु, म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे चूर्ण, रोज वापरतो. तरीही भारतात झालेले हे काम मला अमेरिकेच्या अभ्यासक्रमातून कळावे, याचे वाईट वाटले. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढून पोटॅशियम उतरणे, नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट या वनौषधीमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होणे, असे बरेच काही येथे नीट मांडलेले आहे.

संशोधन वाचायला शिकवणारे सत्र कठीण आहे, पण ते टाळू नये. त्यात फिनलंडमधील बीटा-कॅरोटिनच्या चाचणीचा बारकाईने अभ्यास होतो. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यांतला हा घटक गोळीतून दिला तर लाभ होईल, अशी आशा होती. २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यात माझे अनेक व्यवसायबंधू आले, ही चाचणी मुळातून वाचावी.

रुग्णाशी संवाद साधण्याचे प्रशिक्षण चांगले आहे, मात्र ते आपल्या घरांना पुरते बसत नाही. उपदेश न करता मोकळे प्रश्न विचारणे, रुग्णाने सांगितलेले आपल्या शब्दांत परत मांडणे, बदलाची इच्छा त्याच्याच तोंडून येऊ देणे, हे सारे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग पद्धतीने शिकवतात आणि संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणावर वाक्यागणिक टिप्पणी देतात. ही टिप्पणी फार उपयोगी होती. पण त्यांची सगळी मांडणी एकट्या व्यक्तीच्या निर्णयावर उभी आहे. फोंड्यातल्या घरात भात किती शिजेल हे रांधणारी सून किंवा सासू ठरवते, आणि तपासणीच्या खोलीत रुग्णाआधी मुलगाच बोलायला लागतो. हा मुद्दा मी वर्गात मांडला, तेव्हा प्राध्यापकांनी आस्थेने ऐकून घेतला, परंतु पाठ्यसामग्रीत त्यावर काहीही नाही.

सर्वांत मोठी उणीव आयुर्वेदाच्या बाबतीत आहे. या संपूर्ण अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला एक आठवडा आला, आणि त्यातही एक प्रश्नावली भरून आपली प्रकृती ठरवण्यावर भर होता. नाडी, अग्नी, देश, काळ, वय यांचा विचार कसा होतो हे त्यातून कळणे शक्य नाही. सजगतेच्या ध्यानाला मात्र, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमापासून, पूर्ण सत्र दिले आहे. शिवाय रुग्णशय्येजवळचे शिक्षण अजिबात नाही. ज्याला आयुर्वेदातच खोल जायचे आहे, त्याने प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे एम.डी. करावे. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२ पासून उभी आहे, तिथली रुग्णसेवा आधी पाहून यावी.

मान्यतेविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. या पदवीने भारतात रुग्ण तपासण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही. माझा अधिकार आजही बी.ए.एम.एस. आणि राज्याच्या नोंदणीवरच आहे. आपल्याकडे वैद्यक, परिचर्या, फिजिओथेरपी यांसारख्या पदव्या ऑनलाइन देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी नाहीच, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रासारखे विषयही या बंदीत आले आहेत. म्हणून ‘घरबसल्या होलिस्टिक डॉक्टर व्हा’ अशा जाहिराती देणाऱ्या संस्थांपासून दूर राहावे. माझ्या विद्यापीठाने असा दावा कधी केला नाही, परंतु मान्यतेचा खुलासा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होता. तो पहिल्या पानावर असायला हवा होता.

वेळेचा विचारही आधी करावा. तिकडचा संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेतीनला भरतो, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे मागे गेली की साडेचारला. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर वर्ग चालतो, पण राऊटरही त्याच जोडणीवर घेऊन ठेवावा लागतो. फी डॉलरमध्ये असल्याने प्रत्येक हप्त्याला रुपयांतली रक्कम बदलते. प्रवेश घेण्यापूर्वी ध्वनिमुद्रित वर्ग चालतील का, हजेरीची अट काय आहे, आणि पदवीनंतर ग्रंथालयातील शोधनिबंध किती काळ वाचता येतील, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. शोधनिबंधांची सोय फार महत्त्वाची आहे, कारण परस्परक्रियांविषयीचे नवे अहवाल सतत येत असतात आणि एकेका निबंधासाठी पैसे भरणे खाजगी दवाखान्याला परवडत नाही.