आभा ॲप आणि आप्पांची पिशवी

आमच्या आप्पांची अँजिओप्लास्टी नाशिकला झाली, फेरतपासणीसाठी आम्ही धुळ्याला जातो आणि रक्त-लघवीच्या तपासण्या अमळनेरातच करून घेतो. या तिन्ही गावांचे कागद एका कापडी पिशवीत असतात आणि ती पिशवी मांडीवर घेऊनच आप्पा एसटीत बसतात. धुळ्याच्या डॉक्टरांनी एकदा जुना ईसीजी मागितला, तेव्हा पिशवीतून निघालेल्या गुलाबी चौकड्यांच्या पट्टीवर रेघच उरली नव्हती. तो थर्मल कागद असतो आणि उजेड, ऊब व प्लॅस्टिकचे पाकीट यांच्यामुळे फिका पडत जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्याच आठवड्यात मी आप्पांसाठी आभा ॲप, म्हणजे आरोग्याच्या नोंदी मोबाइलवर पाहण्याचे सरकारी ॲप, घेतले. त्याला आता वर्ष झाले.

हे ॲप ज्या केंद्र सरकारच्या योजनेतले आहे ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यातला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक, आधारवरून विनामूल्य निघतो. प्रत्यक्षात आमचे आठ दिवस गेले, कारण आप्पांच्या आधारला सुरतेला कामाला असलेल्या धाकट्या भावाचा मोबाइल जोडलेला होता. ओटीपी सुरतेला जायचा आणि भाऊ पाळी संपवून तो कळवेपर्यंत त्याची मुदत टळलेली असायची. शेवटी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला.

ॲपची मूळ रचना मला पटली. सगळ्या नोंदी एका सरकारी कोठारात जमा होतात असा पुष्कळांचा समज आहे, पण तसे नाही. नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसते. कोणत्या प्रकारचे कागद दाखवायचे, कोणत्या काळातले आणि किती दिवसांपर्यंत, हे रुग्णच ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. सरकारी रुग्णालयात खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता न सांगता टोकन मिळते, आणि आप्पांसारख्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाची त्यामुळे मोठी सोय होते.

अडचण नोंदी जोडताना येते. ज्या दवाखान्याचे सॉफ्टवेअर या यंत्रणेशी जोडलेले नाही, त्याचे काहीच ॲपमध्ये येत नाही, आणि आमच्या तीन ठिकाणांपैकी एकच जोडलेले निघाले. तिथेही सुरुवातीला शोध रिकामा आला, कारण नोंदणीच्या वेळी मोबाइल माझा लिहिला होता आणि जन्मसाल अंदाजाने टाकले होते. खिडकीवर जाऊन दोन्ही दुरुस्त करून घेतल्यावर कागद दिसू लागले.

शिवाय चिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण अशा ठराविक प्रकारांतच येथे नोंदी येतात. दाखल असतानाच्या केसपेपरची सगळी पाने आपोआप येत नाहीत. ती किती महत्त्वाची असतात हे आम्ही ॲपच्या बाहेर शिकलो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे म्हणून आम्ही एका खासगी रुग्णालयाकडे पूर्ण केसपेपर मागितले, तर "फाइल आमची असते, तुम्हाला डिस्चार्ज कार्ड दिलेले आहे," असे उत्तर मिळाले. हे नियमाला धरून नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. अशी प्रत रुग्णाला नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. मी हा नियम लिहून आप्पांच्या सहीचा अर्ज दिला आणि पोच म्हणून शिक्का मागितला. शिक्क्याचे नाव काढताच काउंटरवरचा सूर बदलला. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सचे पैसे घेऊन त्रेचाळीस पाने हातात आली. त्यात रात्रपाळीच्या सिस्टरने एका इंजेक्शनपुढे "अंगावर पित्त उठले, डोस थांबवला" असे लिहिलेले होते, आणि डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेखच नव्हता.

ती त्रेचाळीस पाने मी फोटो काढून ॲपमध्ये स्वतः चढवली, कारण तशी सोय त्यात आहे. नवा ईसीजी निघाला की घरी पोहोचण्याआधीच त्याचा फोटो घेतो. मात्र फोटोतला मजकूर ॲपमध्ये शोधता येत नाही, त्यामुळे पित्ताची ती ओळ डॉक्टरांना दाखवायची तर पाने सरकवत बसावे लागते. पाचपैकी मी तीन तारे देईन, आणि कापलेल्या दोनपैकी दीड दवाखान्यांच्या खात्यावर मांडावा.

आप्पांना मात्र या सगळ्याचा भरवसा नाही. "मन्हा कागद मन्हाजोडेच ऱ्हाऊ दे," असे म्हणून त्यांनी आभा कार्डाची प्रिंट लॅमिनेट करून घेतली आणि त्याच कापडी पिशवीत टाकली.